ईस्टरपर्यंत वीस किलो

नाताळ २५ डिसेंबरला आणि नववर्षाचे संकल्प ३१ तारखेला, ही मांडणी ज्याने कोणी केली त्याला फराळाचा अनुभव नसावा. मधल्या सहा दिवसांत काय होतं ते नगरकडच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात येऊन बघावं. बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात, तिच्या शेजारी करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि शेजारच्यांच्या दिवाळीच्या ताटांची परतफेड करायची म्हणून जरा जास्तच केलेला चिवडा. कॅरलवाली पोरं येऊन, गाऊन, खाऊन गेलेली असतात. तरी डबे रिकामे होत नाहीत. अशा अवस्थेत आपण ३१च्या रात्री उपासनेला जातो, बाराच्या सुमारास गुडघे टेकतो, गुडघे आपलं मत नोंदवतात, आणि आपण देवाला सांगतो की यंदा वजन उतरवायचंच. आमेन म्हणून बाहेर यावं तर दारात केक आणि चहा घेऊन तरुण संघ उभा.

मराठीत या विषयावर पुलंच्या 'उपास'नंतर कोणी लिहूच नये, असं मलाही वाटतं. पण त्यात ख्रिस्ती बाजू राहून गेली होती, एवढ्या आधारावर हे धाडस.

तर संकल्प. आमच्या मंडळीत वजनाचा संकल्प करताना एक ठरलेला आकडा असतो, तो म्हणजे वीस किलो, आणि एक ठरलेली मुदत असते, ती म्हणजे ईस्टर. वीस का, याला उत्तर नाही. पंधरा म्हटलं तर विश्वास कमी पडल्यासारखा वाटतो. ईस्टरची तर तारीखही पक्की नसते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर, म्हणजे २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत केव्हाही. २०२४ साली तो ३१ मार्चला आला, २०२५ साली २० एप्रिलला. तेच वीस किलो एका वर्षी तेरा आठवड्यांत उतरवायचे आणि पुढच्या वर्षी जवळजवळ सोळा आठवड्यांत. डॉक्टरलोक आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो म्हणतात. आम्ही पौर्णिमा कधी येते ते बघतो.

या मोठ्या आकड्यांच्या मुळाशी मोहरीचा दाणा आहे. तेवढा विश्वास असला तरी डोंगर जागचा हलेल, हे आम्ही शब्बाथ शाळेत फ्रॉक घालायच्या वयात पाठ केलेलं. डोंगराच्या मानाने वीस किलो म्हणजे काय, टेकाडही नव्हे. पण लूकच्या शुभवर्तमानात येशूने बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचीही गोष्ट सांगितली आहे. तो शहाणा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीतर पाया घालून पैसे संपतात आणि बघणारे हसायला लागतात. वजनाबाबत ही गोष्ट कोणी काढत नाही, आणि माझ्या मते काढायला हवी ती हीच. आमच्याकडे बघणारे म्हणजे जाऊबाई. त्या हसत नाहीत, फक्त विचारतात, "काय गं, सोडलंस वाटतं ते?" आणि ताटात आणखी एक करंजी ठेवतात.

विश्वास आणि वजन यांची सांगड घालण्याचं खरं काम केलं ते अमेरिकेने. नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले तेव्हा त्यांच्या सामानात ही कल्पना नव्हती. त्याच दशकात तिकडे सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचे एक पाळक मांस सोडा, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव खा, असं सांगत फिरत होते, पण त्यांचा रोख पोटावर कमी आणि वासनांवर जास्त होता. पोटाची पाळी आली १९५७ साली. चार्ली शेड या प्रेस्बिटेरियन पाळकांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'प्रार्थनेने वजन घालवा' अशा अर्थाचं. स्वतः शंभर पौंड उतरवलेला माणूस, त्यामुळे आवाजात अधिकार. बाकीच्या पाप्यांना आपलं पाप किती ते कळत नाही, जाड माणसाला ते काट्यावर उभं राहून वाचता येतं, असा एकूण सूर. तिथून पुढे अशा पुस्तकांची आणि मंडळांची रांगच लागली. मला हे पटत नाही. काट्यावर कळतं ते वजन. त्यात थायरॉईड असतो, बाळंतपणं असतात, रात्रपाळ्या असतात, आजीकडून आलेली हाडं असतात. पापाचा काटा वेगळा आहे आणि तो डॉक्टरांच्या खोलीत ठेवलेला नसतो.

या परंपरेतला गाजलेला प्रकार म्हणजे 'दानीएल प्लॅन'. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे रिक वॉरन एका दिवशी आठशेंवर माणसांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत होते. एकेकाला पाण्यातून वर उचलता उचलता त्यांच्या ध्यानात आलं की आपली मंडळी वजनदार आहे, आणि आपणही. २०११च्या जानेवारीत योजना सुरू झाली, हजारो लोकांनी नावं दिली, आणि वर्षभरात सगळ्यांचं मिळून सुमारे अडीच लाख पौंड वजन उतरल्याचं सांगण्यात आलं. म्हणजे लाखावर किलो. एवढं वजन गेलं कुठे, हा प्रश्न मला आजही पडतो.

नाव घेतलं दानीएलाचं, म्हणून मी तो पहिला अध्याय पुन्हा काढून वाचला. बाबेलच्या राजवाड्यात दानीएल आणि त्याचे तीन सोबती राजाच्या पंक्तीचं अन्न आणि द्राक्षारस नाकारतात आणि दहा दिवस नुसता भाजीपाला आणि पाणी मागतात. त्यांच्यावर नेमलेला अधिकारी घाबरतो. पोरं वाळलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवेल, असं तो सरळ बोलून दाखवतो. दहा दिवसांनी बघतात तर काय, हे चौघे राजाचं ताट जेवणाऱ्या सगळ्यांपेक्षा तजेलदार आणि अंगाने भरलेले! ज्या अध्यायाचं नाव घेऊन माणसं बारीक व्हायला निघाली, त्या अध्यायात कोणीही बारीक होत नाही. उलट अंगावर मांस चढलं हाच तिथे देवाच्या कृपेचा पुरावा आहे. मी हे महिला मंडळात वाचून दाखवलं, तेव्हा इतका मनापासून आमेन मी त्या खोलीत पूर्वी ऐकला नव्हता.

मंडळात दुसरं एक वचन नेहमी निघतं, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे ते. पौल हे करिंथकरांना जिथे सांगतो तिथे विषय वेश्यागमनाचा आहे, तुपाचा नाही. पण आमच्या बायका सालस, पहिला विषय त्यांच्या कामाचा नाही, म्हणून ते वचन तुपाला लागू केलं जातं. "मंदिराची डागडुजी करा," असं पाळकसाहेब एकदा म्हणाले, तर मागच्या बाकावरून एक मावशी पुटपुटल्या, "आमचं मंदिर वाढवायला घेतलंय."

त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलं आहे की शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडाच, सुभक्तीचा सगळ्या बाबतींत. सकाळी सहाला फिरायला न जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला बायबलातलं दुसरं काही पाठ नसलं तरी हे असतं. मी गणित मांडून पाहिलं. माझ्या वजनाच्या बाईने अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चाललं तर सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे खाण्यात काही न बदलता नुसतं चालून एक किलो उतरवायला पन्नासेक दिवस पाहिजेत, आणि तेही वाटेत कोणी चहाला बोलावलं नाही तर. पौलाचं गणित चोख आहे. तो 'थोडा' म्हणाला, 'नाही' म्हणाला नाही, एवढं मात्र सकाळी अंथरुणातून वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. साखरेला, रक्तदाबाला आणि झोपेला त्या थोड्याचा बराच उपयोग होतो.

वजनाची खरी मेख दुसरीकडे आहे आणि ती जुन्या मठवाल्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरींनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले, तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने ते पुन्हा मांडले: वेळेआधी खाणं, उंची खाण्याचा हट्ट, प्रमाणाबाहेर खाणं, हावरेपणाने खाणं आणि फार चोखंदळपणे खाणं. पाचांतला एकच प्रकार प्रमाणाचा आहे. आपण त्या एकावरच टपलेलो.

पहिला प्रकार घ्या, वेळेआधी. आमच्या घरी त्याला 'मीठ बघणं' म्हणतात. मटणाचा रस्सा उकळत असतो. पळीने थोडा तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, चाटायचा. मीठ बरोबर असतं. पण नुसता रस्सा तिखट लागतो, म्हणून तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा मोडून बुडवायचा. मग मांस शिजलं का ते बघायला एक फोड. ती वरची होती, तळाची शिजली का कोण जाणे, म्हणून आणखी एक. बटाटा तर लहानच होता. एवढं झाल्यावर सगळ्यांबरोबर ताटावर बसायचं, डोळे मिटून अन्नासाठी उपकार मानायचे आणि म्हणायचं, "मला अगदी थोडं वाढा हं, भूकच नाही." यात एक अक्षर खोटं नसतं.

आणि पाचवा प्रकार, चोखंदळपणा. तो माझ्या मते आजच्या डाएटवाल्यांना लागू पडतो. आमच्या नात्यातल्या एक वहिनी लग्नाला येताना पर्समधल्या डबीत कसल्याशा बिया आणतात. भात चालत नाही, पोळी चालत नाही, कोमट पाणी पाहिजे, त्यात अर्धं लिंबू पाहिजे, पण ते बिनबियांचं. बिया स्वतःच्या. पंक्तीतले चार वाढपी त्यांच्या भोवती. पोटात जातं ते पाच ग्रॅम असेल, पण त्या मांडवात खाण्याचा विचार त्यांच्याइतका कोणीच करत नसतो.

याच सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिले. जेवायला दोन शिजवलेले पदार्थ, म्हणजे एक सोसत नसेल तर दुसरा खाता यावा. दिवसाला माणशी एक पौंड पाव. काम जास्त पडलं तर मठाधिपतीने वाढवून द्यावं. आणि पुढच्याच प्रकरणात तो कबूल करतो की प्रत्येकाची ठेवण वेगळी, त्यामुळे दुसऱ्याने किती खावं हे ठरवताना मला अवघडल्यासारखं होतं. भिंतीवर तक्ता चिकटवणाऱ्या एकाही आहारतज्ज्ञाला अवघडलेलं मी पाहिलेलं नाही.

उपवासकाळात तरी वजन उतरत असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. भस्म बुधवार ते ईस्टर हे चाळीस दिवस म्हणायचे, पण मोजून बघितले तर मधले शेहेचाळीस भरतात. सहा रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा. त्या सहा रविवारी आम्ही पुनरुत्थानाला पुरेपूर न्याय देतो. एरवीच्या दिवशी मटण बंद, पण घरोघरच्या प्रार्थनासभा सुरू, आणि प्रार्थनेनंतर घरमालकीण कोणाला तसं पाठवत नाही. समोसा, वेफर, बालुशाही, चहा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण बाप्तिस्मा न घेताच आमच्यात आलेली आहे. तसं पाहिलं तर प्रोटेस्टंटांचं मूळच या बाबतीत संशयास्पद. १५२२ साली झुरिकमध्ये उपवासकाळात काही जणांनी सॉसेज खाल्ले, उल्रिख झ्विंगली तिथे हजर होता, आणि पुढे त्याने व्यासपीठावरून त्यांची बाजू घेतली. स्विस धर्मसुधारणेची सुरुवात बरेच इतिहासकार तिथून धरतात.

आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय त्याचं काय? बाप्तिस्मा करणारा योहान टोळ आणि रानमध खाऊन राहिला, तर लोक म्हणाले याला भूत लागलंय. येशू आला, लोकांच्या घरी जेवला, तर म्हणाले हा खादाड. (म्हणजे जाऊबाई तेव्हाही होत्या.) पहिला चमत्कार लग्नाच्या पंगतीतला, आणि पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजून त्याने शिष्यांना न्याहारीला हाक मारली. रात्रभर जाळी टाकून आलेल्या माणसांना त्याने आधी जेवू घातलं आणि विचारायचं ते नंतर विचारलं. हे वाचलेल्या मंडळीला 'प्रीतिभोजन कमी करा' कसं सांगणार?

प्रीतिभोजन आमच्याकडे देवळाच्या मागच्या आवारात होतं. पातेली मोठी, वाढणारे हात त्याहून मोठे. वाढणारे काका ताटावर डाव उपडा करून पुढे जात नाहीत. ते थांबतात, डाव पुन्हा पातेल्याच्या तळाशी नेतात, तिथून नळी शोधून काढतात, ती तुमच्या ताटात ठेवून तुमच्या तोंडाकडे बघतात. त्या वेळी 'माझ्या कॅलरी' असा शब्द उच्चारायला माणूस दगडाच्या काळजाचा पाहिजे. त्या काकांच्या मुलीच्या आजारपणात तुम्ही दवाखान्यात बसलेले असता, तुमच्या सासऱ्यांच्या मातीला त्यांनी खांदा दिलेला असतो, आणि तो सगळा हिशेब त्या नळीत असतो. अमेरिकेच्या योजनेत गटाने वजन उतरवण्यावर भर आहे. आमचा गट आधीपासून आहे, फक्त तो उलट्या दिशेने काम करतो.

म्हणून माझा आकडा मी वीसवरून खाली आणला. खरं म्हणजे डॉक्टरांनी आणला. वजन ८२. ते म्हणाले, सहा महिन्यांत चार किलो उतरले तरी मी खूश. पाच टक्के वजन उतरलं तरी साखर, रक्तदाब यांत फरक दिसतो. मला जरा अपमानच वाटला. चार किलो म्हणजे काय साक्षीला उभं राहून सांगण्याचा आकडा आहे? "प्रभूने माझ्यासाठी मोठमोठी कृत्यं केली, चार किलो." पण उपास करताना तोंड पाडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, असं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेलंच आहे. न सांगण्याजोगा आकडा त्या दृष्टीने सोयीचा.

बायबलातली मोजमापं मी आता वेगळ्या नजरेने वाचते. रानात मान्ना पडायचा तो माणशी एक ओमर, त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. एवढ्या मोठ्या लोकसमुदायाला चाळीस वर्षं चालायला लावलं, पण मापं सगळी एका दिवसाची. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागतो ती आजचीच. मग ईस्टरपर्यंतचं मी कशाला मागू? मी संध्याकाळपर्यंतचं मागते.

मागण्यापलीकडे एक व्यवस्थाही केली आहे. जेवणाआधीची प्रार्थना सगळेच करतात. मी दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधीही एक करते. मोठी नाही, मनातल्या मनात उपकार मानायचे, पण डोळे मिटून आणि घाई न करता. पुष्कळदा डोळे उघडेपर्यंत मटणाचं पातेलं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्याकडे पोचलेलं असतं. परत मागवायची लाज वाटते. अक्विनासने याला काय म्हटलं असतं माहीत नाही, पण काटा मी शनिवारी सकाळी बघते (रविवारनंतरचा आकडा धरत नाही), आणि तो हळूहळू का होईना उतरतोय. नाताळचा आठवडा मी आधीच माफ करून ठेवला आहे. त्या आठवड्यात वाढलं नाही तरी पुष्कळ.

मागल्या महिन्यात कमिटीपुढे हा विषय रीतसर आला. मंडळीत साखरेचे रुग्ण वाढलेत, तेव्हा प्रीतिभोजनाचं काहीतरी करा, असं एका डॉक्टर सभासदाने सुचवलं. बिर्याणी बंद करण्याच्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. गोड बंद करण्याच्या ठरावाला मिळाला, पण तेवढ्यात त्याचा वाढदिवस असल्याचं निघालं आणि पेढे फिरले. शेवटी काकडी-गाजराची कोशिंबीर वाढवायची असं एकमताने ठरलं. पुढच्या रविवारी ती केली, लिंबू पिळून, दाण्याचं कूट घालून. सगळ्यांनी बिर्याणीबरोबर खाल्ली, बिर्याणी जरा जास्तच गेली, आणि कोशिंबिरीने तोंडाला चव येते म्हणून आता ती दोन पातेली करायची ठरली आहे.